मागच्या बाकावरून

मोटारीविषयी मत देण्याचा अधिकार आपल्याकडे दोघांनाच: मालकाला आणि ड्रायव्हरला. मागच्या बाकावर बसून ज्याचे डोके छपराला लागते त्या प्राण्याला कोणी काही विचारीत नाही. वास्तविक मागच्या चाकांचे गुणदोष त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार? नोकरीपायी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत (१९८२ पर्यंत तो एकच जिल्हा होता) मी वर्षानुवर्षे असा मागे बसून हिंडलो. त्या बळावर हे चार शब्द.

इकडची मूळ गाडी म्हणजे बंडी. तिच्यात स्प्रिंग नाही. चाक दगडावर चढले की बसणाराही चढतो. मग जीप आली. महिंद्रांनी १९४७ पासून विलिस जीप इथे जोडायला घेतली, तिच्या मागे पाटे होते. १९८५ ची जिप्सी ताडोब्यात वाघ दाखवीत फिरली, तिलाही पाटेच. २०१० ची थार निघाली, तरी मागे पाटेच. २०२० च्या नव्या थारला मात्र मागे कॉइल आणि दांडे आले, आणि तेव्हापासून गॅरेजमध्ये वाद सुरू झाले. २०२३ ची जिम्नी आली तीही कॉइलवर, तीन दांड्यांची.

पाटा म्हणजे घरातली थोरली सून. भार तीच उचलते आणि घर जागेवर तीच धरते. मागच्या अ‍ॅक्सलला पुढे-मागे, आडवेतिडवे सरकू न देण्याचे काम तिच्याकडेच. कॉइल म्हणजे कचेरीतला कारकून. भार उचलीन, म्हणतो, बाकीचे माझ्या टेबलावर नाही. मग बाकीच्या कामाला निराळी माणसे नेमावी लागतात, तेच हे दांडे. लांबीच्या दिशेचे दांडे अ‍ॅक्सलला पुढे-मागे जाऊ देत नाहीत आणि गॅस दिल्यावर त्याला पीळही पडू देत नाहीत. आडवा एक दांडा असतो, त्याला पॅनहार्ड म्हणतात. त्याचे एक टोक चासीला, दुसरे अ‍ॅक्सलला. चाके वरखाली झाली की तो कंसात फिरतो, म्हणून अ‍ॅक्सल थोडा बाजूला सरकतो. दांडा जितका लांब आणि सपाट, तितके हे सरकणे कमी. काही कारागीर वरचे दोन दांडे तिरपे लावून पॅनहार्डला रजाच देतात. १९७० च्या रेंज रोव्हरने वर ए अक्षराच्या आकाराचा दांडा बसवून तेच साधले होते.

याचा फायदा कुठे कळतो? धानाच्या बांधीत. एक चाक धुऱ्यावर आणि दुसरे चिखलात असले, की दांड्यांची गाडी पाय लांब करून दोन्हीकडे जमीन धरते. पाट्यांची गाडी एक पाय उचलून उभी राहते, आणि उचललेले चाक नुसते गरगरते.

पण पाट्याची बाजूही ऐका. एकदा आलापल्लीहून भामरागडला जाताना मागून खाडकन आवाज आला. ड्रायव्हर उतरून खाली डोकावला. "मेन पाटा गेला जी साहेब." मी रात्र जंगलात काढायच्या तयारीला लागलो. त्याने जॅक लावला, सागाचा ठोकळा घुसवला, तारेने आवळला, आणि आम्ही बैलाच्या चालीने मुक्कामाला पोचलो. पुढे दुसऱ्या एका गाडीच्या दांड्याचा रबरी बुश खलास झाला. गाडी शेपूट हलवीत चालू लागली. तिला ठोकळाही चालेना, तारही चालेना. नागपूरहून बुश येईपर्यंत दोन दिवस ती झाडाखाली उभी!

या अनुभवावर मी पाट्यांचा कट्टर भक्त झालो असतो. पण एका पावसाळ्यात, रात्री, वाटेवरच्या गावाने आमची गाडी थांबवली. एक बाळंतीण अडली होती. तिला मागे निजवले, उशाशी तिची सासू, आणि कोपऱ्यात अंग चोरून मी. पाटे ओझ्यासाठी घडवलेले असतात. रिकाम्या गाडीत ते वाकतच नाहीत, उडवतात. पहिल्याच खड्ड्याला ती पोर अशी किंचाळली, की ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि मागे वळून गावकऱ्यांना हाक दिली, "धानाची पोती आणा जी, चार!" मला वाटले, याला वेड लागले. पोती चाकांवरच्या जागेत रचली. भाराने पाटे बसले, आणि गाडी डुलत, पण न आपटता चालू लागली. सासू सारखी म्हणत होती, "हळू घे रे बाबा, हळू घे." दवाखान्यात पोचल्यावर पहाटे मुलगी झाली. मायलेकी सुखरूप.

तेव्हापासून "पाटे चांगले की दांडे?" असे कोणी विचारले, की मी उलट विचारतो, "मागे कोण बसणार?" धान, सिमेंट, लाकूड नेणार असाल तर पाटे घ्या, तुटले तरी घरी आणतील. आजारी माणूस नेणार असाल तर कॉइल आणि दांडे घ्या, आणि त्यांच्या बुशांचा एक जोड गाडीतच ठेवा, नागपुरात नव्हे. आणि असलेल्या पाट्यांच्या गाडीतच रोगी न्यायची वेळ आली, तर चार पोती धान शोधा. गाडी विकत घेणारा नेहमी पुढे बसतो, हीच खरी अडचण आहे. त्याने एकदा, एकदाच, मागे निजून आलापल्ली ते भामरागड जाऊन पाहावे!