दुसरे विंबल्डन

विंबल्डनला जाऊन आलो असे सांगितले, की आमच्या कोल्हापुरातले लोक पहिला प्रश्न विचारतात, "मग टेनिस बघितलंत का?" नाही म्हटले, की पंढरपूरला जाऊन विठोबाचे दर्शन न घेता परतलेल्या माणसाकडे पाहावे तसे ते माझ्याकडे पाहतात. यात माझा अपराध काही नाही. टेनिसचे सामने भरतात उन्हाळ्यात, आणि आम्हां मास्तर मंडळींना सुट्टी मिळते दिवाळीची. भाचा तिकडे नोकरीला आहे. "मामा, मामी, या वेळी याच," असा त्याने हट्टच धरला. म्हणून २०२४ सालची लक्ष्मीपूजा आणि भाऊबीज आटोपून आम्ही उभयता विमानात बसलो. पोहोचलो तेव्हा नोव्हेंबर लागला होता. टेनिसच्या हिरवळीवर चिटपाखरू नव्हते, आणि चार वाजताच दिवेलागण होत होती.

भाच्याचे घर हेडन्स रोड स्टेशनापासून जवळ. विंबल्डनचे दोन भाग आहेत. वर टेकडीवर जुने गाव, मोठमोठे बंगले आणि टेनिसचा तो प्रसिद्ध क्लब. खाली उतारावर चाळीसारखी एकमेकांना चिकटलेली विटांची घरे, आणि त्याच्याही पलीकडे वँडल नावाची नदी. आपल्याकडे हिला ओढाच म्हणतील. पण एके काळी हिच्या पाण्यावर गिरण्या चालत. टेनिस वरच्या विंबल्डनचे. मी पाहिले ते खालचे.

त्याची ओळख करून देणारे गृहस्थ भाच्याचे शेजारी. वय अडुसष्ट, निवृत्त पोस्टमन. त्यांचे इंग्रजी आणि माझे इंग्रजी या दोन निरनिराळ्या भाषा आहेत हे पहिल्याच दिवशी आमच्या दोघांच्या लक्षात आले. पण मी कोल्हापूरचा आणि आमच्या गावात फुटबॉलचे वेड आहे हे कळताच भाषेची अडचण उरली नाही. "तुमच्या गावातले क्लब कोणाच्या मालकीचे?" त्यांनी विचारले. मी गडबडलो. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल यांचे मालक कोण, असा प्रश्न कोल्हापुरात कोणाला पडत नाही. तालीम पेठेची, म्हणून संघ पेठेचा. "कोणाच्याच नाहीत. म्हणजे सगळ्यांच्या," मी म्हणालो. पोस्टमनसाहेबांनी माझा हात हातात घेऊन जोराने हलवला. "आमचाही तसाच आहे," ते म्हणाले, "पण आम्हांला तो तसा करून घ्यावा लागला."

शनिवारी दुपारी ते मला प्लाउ लेनच्या मैदानावर घेऊन गेले. रस्त्याने निळे-पिवळे गळपट्टे गुंडाळलेली माणसे चालली होती: आजोबा, नातू, बाबागाडी ढकलणाऱ्या बाया. नऊ हजारांच्या वर माणसे मावतील एवढे ते मैदान. वेम्बली पाहिलेल्याला खेळणे वाटावे. दाराशी एक केसाळ सोंग मुलांशी हस्तांदोलन करीत होते. त्याचे नाव हेडन, आमच्याच स्टेशनच्या रस्त्यावरून ठेवलेले. एलिझाबेथ बेरेसफर्ड या लेखिकेने मुलांसाठी वोंबल नावाचे प्राणी कल्पिले. ते विंबल्डनच्या माळरानावर राहतात आणि लोकांनी टाकलेला कचरा गोळा करून कामाला लावतात. लोकांनी टाकून दिलेले उचलून उपयोगी करणारे हे प्राणी या क्लबाचे दैवत का झाले असावेत, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

सामन्याचे वर्णन मी करीत नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या इंग्लिश फुटबॉलात कौशल्यापेक्षा चिखल आणि कोपर जास्त, एवढे सांगितले म्हणजे पुरे. माझे लक्ष हिरवळीकडे होते. सप्टेंबरात अतिवृष्टीने वँडल नदी फुगली, पाणी मैदानात शिरले आणि हिरवळीला एक मोठे भगदाड पडले. न्यूकॅसलशी ठरलेला सामना त्यांच्या गावी न्यावा लागला. त्यानंतर लोकांनी वर्गणी काढून लाखाच्या वर पौंड जमवले. "ते बघा, तिथे होते भगदाड," पोस्टमनसाहेब बोटाने दाखवत होते, आणि आपल्या घराची भिंत कुठे खचली होती ते दाखवावे तसा त्यांचा स्वर होता.

रविवारी सकाळी सात वाजता त्यांनी दाराची घंटा वाजवली. हातात दोन सायकली. "शनिवारी फुटबॉल, रविवारी सायकल. सोमवारी पाय दुखतात," त्यांनी आपला आठवडा एका वाक्यात सांगून टाकला. कॉलेजात असताना मी रोज सायकलने जात असे, असे आदल्या दिवशी मी बोलून गेलो होतो. ती बढाई अंगलट आली. सौ.ने मला भाच्याची कानटोपी घातली आणि "जपून" एवढेच म्हणाली. पण ते ज्या सुरात म्हणाली, तो सुर रुग्णालयाच्या दाराशी ऐकू येतो.

त्यांच्या चमूत सहा जण होते, सगळे फुटबॉलच्या त्याच कठड्यावरचे. जायचे होते बॉक्स हिलला, पंधरा-एक मैलांवर. तिथे गेल्यावर कळले, की या सायकलस्वारीलाही शिस्त आहे. एकामागे एक चालायचे. पुढच्याने वारा कापायचा, मागच्यांनी त्याच्या आडोशाने जायचे. मागच्याचे श्रम त्यामुळे पुष्कळ वाचतात. थोड्या वेळाने पुढचा बाजूला होतो आणि शेवटी येऊन लागतो. खड्डा दिसला की पुढचा ओरडतो आणि ती आरोळी शेवटपर्यंत पोहोचवली जाते. मला पाहुणा म्हणून वारा कापायची पाळी दिली नाही. ही गोष्ट बरी वाटली आणि लागलीही.

बॉक्स हिलला डोंगर म्हणायला पन्हाळ्याचा माणूस तयार होणार नाही. उंची जेमतेम सव्वादोनशे मीटर. पण खडूच्या त्या टेकडीवर नागमोडी चढणारा अडीच किलोमीटरांचा रस्ता सायकलवाल्यांची आळंदी आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पुरुषांनी या टेकडीला नऊ फेरे घातले आणि स्त्रियांनी दोन. पुरुषांत कझाकस्तानचा विनोकुरोव जिंकला. दुसऱ्या दिवशी धो धो पावसात हॉलंडची मारियान वोस. मी दुसऱ्याच वळणावर खाली उतरलो आणि सायकल हातात धरून, इंग्लंडचा निसर्ग न्याहाळीत असल्याचा आव आणून चालू लागलो. जेन ऑस्टिनच्या 'एमा' कादंबरीतली वनभोजनाची फजिती याच टेकडीवर घडते, हे मला तेव्हा आठवले. माझी फजिती परंपरेला धरूनच होती.

वर चहाची जागा आहे. तिथे बाकावर बसून पोस्टमनसाहेबांनी मला ती हकीकत सांगितली. विंबल्डनचा फुटबॉल क्लब १८८९ सालचा. प्लाउ लेनवर तो १९१२ साली आला. जवळजवळ नव्वद वर्षे हौशी आणि छोट्या स्पर्धांत घालवून १९७७ साली तो मोठ्या लीगमध्ये शिरला, नऊ वर्षांत पहिल्या वर्गात पोहोचला आणि १९८८ साली वेम्बलीवर त्याने लिव्हरपूलला एका गोलाने हरवून एफ. ए. कप घेतला. गोलरक्षक बीझंटने त्या दिवशी पेनल्टी अडवली. त्या कपाच्या वेम्बलीवरील अंतिम सामन्यात असे पूर्वी कधी घडले नव्हते. आणि मग उतरण. १९९१ साली क्लबाने प्लाउ लेन सोडली आणि दुसऱ्याच्या मैदानावर बिऱ्हाड केले. पुढे मालकांनी ठरवले, की क्लब मिल्टन कीन्स या नव्या शहरात न्यायचा. अंतर सुमारे नव्वद किलोमीटर.

"मी पत्रे वाटत होतो," पोस्टमनसाहेब म्हणाले, "माणूस घर बदलतो तेव्हा पत्रे नव्या पत्त्यावर पाठवायची हे मला कळत होते. पण आम्ही घर बदलले नव्हते. आम्ही इथेच होतो. पत्ताच उठून चालला होता."

२८ मे २००२ रोजी तिघांच्या आयोगाने दोन विरुद्ध एक मतांनी स्थलांतराला परवानगी दिली. विंबल्डनमध्ये नव्याने क्लब काढणे फुटबॉलच्या व्यापक हिताचे नाही, असाही शेरा मारला. पंचवीस वर्षे क्लबाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांचे हित त्या व्यापक हितात बसत नव्हते. लोकांनी वाट पाहिली नाही. काही दिवसांत नवा क्लब स्थापन झाला, ए. एफ. सी. विंबल्डन. २९ जूनला विंबल्डनच्या त्याच माळरानावर खेळाडूंची निवड झाली. दोनशे तीस जण आले होते. १० जुलैला पहिला मैत्रीचा सामना झाला. विंबल्डन चार गोलांनी हरले. पाहायला साडेचार हजारांवर माणसे. "चार गोल खाल्ले, आणि मी रडलो. आनंदाने," ते म्हणाले.

खूप खालच्या स्पर्धेतून सुरुवात केलेल्या या क्लबाने फेब्रुवारी २००३ ते डिसेंबर २००४ पर्यंत लीगमधले अठ्ठ्याहत्तर सामने न हरता काढले. नऊ वर्षांत पाच पायऱ्या चढून २०११ साली तो पुन्हा मोठ्या लीगमध्ये आला. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाउ लेनला परतला. जुन्या मैदानावर तोवर इमारती झाल्या होत्या. त्यापासून हाकेच्या अंतरावर, पूर्वी कुत्र्यांच्या शर्यती होत त्या जागेवर, नवे मैदान उभे राहिले. पण साथीचे दिवस. पहिल्या सामन्याला एकाही प्रेक्षकाला प्रवेश नव्हता. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांनी घरी परतायचे आणि दार बाहेरून पाहायचे! त्याच साथीत या मंडळींनी गरजूंच्या घरी शिधा पोहोचवण्याचे काम उभारले.

या क्लबाची सत्ता डॉन्स ट्रस्ट नावाच्या सभासदांच्या संस्थेकडे आहे. कोणाचे कितीही पैसे असोत, सभासदाला मत एकच. ऐकायला हे गोड वाटते. पण पोस्टमनसाहेब गोडवे गाणाऱ्यांतले नव्हते. "मालक असणे कंटाळवाणे असते," ते म्हणाले. "सभा, हिशेब, नळ कोणी दुरुस्त करायचा यावर दोन तास. चांगला खेळाडू तयार झाला, की श्रीमंत क्लब त्याला घेऊन जातात. दुसऱ्या कोणाला शिव्या द्यायची सोयही राहत नाही." २०१९ च्या अखेरीस मैदानाच्या बांधकामात मोठी तूट आली. बाहेरच्या धनिकांना किती हिस्सा द्यावा, यावर मित्रामित्रांत भांडणे लागली. शेवटी लोकांसाठी रोखे काढले आणि पन्नास लाखांवर पौंड उभे राहिले. "माझ्या एका मित्राने त्या वेळी विरुद्ध बाजूने भाषण केले. अजून आम्ही शेजारी बसतो. पण मधली खुर्ची रिकामी ठेवतो."

मी हसलो आणि रुमालासाठी कोटाच्या खिशात हात घातला. रुमालाबरोबर एक पाकीट बाहेर आले. पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले, न टाकलेले. निवृत्त पोस्टमनच्या नजरेतून ते सुटणे शक्य नव्हते. "पत्र ही खिशात ठेवायची वस्तू नव्हे," ते म्हणाले.

सांगणे भाग पडले. आमच्या पेठेत एक जुने वाचनालय आहे. माझे पहिले पुस्तक मी तिथून आणले. इमारत मोडकळीला आली आहे, आणि एका बांधकाम व्यावसायिकाने ती जागा घेऊन शहराबाहेर नवा दिवाणखाना बांधून द्यायची तयारी दाखवली आहे. कार्यकारिणीने आजीव सभासदांची मते पत्राने मागवली होती. मी 'संमती आहे' असे लिहून पाकीट बंद केले होते. निघायच्या घाईत टाकायचे राहून गेले.

पोस्टमनसाहेबांनी उपदेश केला नाही. फक्त विचारले, "तुम्ही तिथे शेवटचे कधी गेला होतात?"

मी हिशेब केला. चार वर्षे झाली होती. चहा एकदम गार लागला.

"मग ते पत्र तुम्ही कोणत्या हक्काने लिहिले?" असे त्यांनी विचारले नाही, पण उतरणीवर सायकल भरधाव सुटली असताना मला तेच ऐकू येत होते. वाटेत किंग्स्टनला त्यांनी एक कोपरा दाखवला. ऑलिंपिकची शर्यत त्यांनी तिथे उभे राहून पाहिली होती, तिकीट न काढता. "सायकलची शर्यत मला म्हणूनच आवडते," ते म्हणाले. "रस्ता कोणी उचलून नेऊ शकत नाही. मैदानाचे तसे नाही. ते रोज राखावे लागते."

कोल्हापूरला आल्यावर मी ते पाकीट फाडले आणि सभेला स्वतः गेलो. विरुद्ध मत दिले. आपण कसे पराक्रमी ठरलो, असे सांगायचा मोह होतो, पण तसे काही झाले नाही. आम्ही थोड्या मतांनी जिंकलो. म्हणजे निर्णय एक वर्ष पुढे गेला, इतकेच. समोरच्या बाजूने बोलणारे माझे जुने सहकारी होते आणि त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता: "छप्पर गळते आहे, त्याचे पैसे कोण आणणार?" सभेने ते काम विरोध करणाऱ्यांच्याच गळ्यात बांधले.

२६ मे २०२५ च्या रात्री भाच्याचा फोन आला. मागून इतका गलका, की प्रथम मला काळजी वाटली. विंबल्डनने वेम्बलीवर वॉल्सॉलला एका गोलाने हरवून वरची पायरी गाठली होती. पोस्टमनसाहेबांनी फोन घेतला. त्यांच्या इंग्रजीतला एकच शब्द मला नीट कळला. त्यांनी छपराचे काय झाले, असे विचारले होते.

अर्धे झाले आहे. दर रविवारी सकाळी मी पावतीपुस्तक घेऊन पेठेतून फिरतो. सायकलवरून. चढ आला की अजून उतरावे लागते.