भाईजानच्या माइल्सवर अम्मींचा उमरा

आर्णीपासून नागपूरचे विमानतळ सुमारे १९० किलोमीटरवर आहे. यवतमाळला धावपट्टी आहे, पण प्रवासी विमान नाही. त्यामुळे आखाताकडे निघालेला आमच्याकडचा माणूस यवतमाळ, कळंब, देवळी, वर्धा, बुटीबोरी असा रस्त्यानेच नागपूर गाठतो. भाईजान अकरा वर्षे दोह्यात नोकरीला आहेत. त्यांना सोडायला आणि आणायला आम्ही हा रस्ता इतक्यांदा तुडवला, की चहा कुठे चांगला मिळतो हे अम्मीही सांगतील. गेल्या हिवाळ्यात मात्र प्रवासी होते अम्मी आणि अब्बा. दोघे उमऱ्याला निघाले होते.

अम्मींचे तिकीट भाईजानच्या माइल्सवर काढले होते. विमान कंपनीचे सदस्य झाले की प्रत्येक फेरीचे माइल्स खात्यात जमतात आणि पुरेसे झाले की त्यांवर तिकीट मिळते. ते स्वतःसाठीच हवे असे नाही. आईवडील, पत्नी, भावंडे यांच्या नावानेही काढता येते. काही कंपन्या त्यासाठी घरच्यांची नावे आधी नोंदवून घेतात. माइल्सना मुदतही असते. एमिरेट्सचे साधारण तीन वर्षे टिकतात. कतार एअरवेजच्या खात्यात ३६ महिने काहीच व्यवहार झाला नाही तर ते जातात. ते विकणे मात्र नियमात बसत नाही.

असे तिकीट फुकट असते, हा समज आमचाही होता. प्रत्यक्षात कर आणि शुल्क पैशांतच भरावे लागते. शिवाय अशा जागा मोजक्याच असतात. भाईजानचे माइल्स एकाच तिकिटापुरते होते. अब्बांचे तिकीट कापसाच्या पैशांतून घ्यायचे ठरले.

घाईत चूक आमच्याकडूनच झाली. अम्मींचे नाव आम्ही आधार कार्डावरून भरले. तिथे ‘शेख’ इंग्रजीत एका तऱ्हेने लिहिलेले, पासपोर्टवर दुसऱ्या. रात्री भाईजानच्या लक्षात आले. तिकीट रद्द केले. माइल्स परत आले, थोडे शुल्क गेले. पण पुन्हा काढायला बसलो तर त्या दिवसाची जागा संपली होती. आठ दिवसांनंतरची मिळाली. अब्बांचे तिकीट अजून घेतले नव्हते म्हणून निभावले. मग पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिले, अब्बांचे तिकीट त्याच विमानाचे घेतले आणि दोघे सोबत आहेत हे फोन करून कंपनीला कळवले.

निघालो त्या रात्री डब्यात भाकरी आणि जवसाची चटणी होती. वर्धा मागे पडल्यावर अम्मींनी विचारले, “बेटा, हे माइल्स म्हणजे नेमके काय?”

“भाईजान जितक्यांदा गेले-आले, त्याची नोंद,” आम्ही सांगितले.

अम्मी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे दर खेपेला मी रडत घरी यायचे, तेही कुठेतरी जमा होत होते तर.”

विमानतळाच्या दारात जवानाने पासपोर्ट आणि तिकीट शेजारी धरून नाव वाचले आणि मान हलवली. आम्ही नेहमीच्या जागी बाहेर उभे होतो. या खेपेस आतून वळून हात हलवला तो अम्मींनी.