वन्संचा पासवर्ड आणि गिरणीतलं पीठ

परवा खोपोलीहून वन्संचा फोन आला. एका संकेतस्थळाचा पासवर्ड आठवेना, म्हणून 'विसरलात?' वर टिचकी मारली, तर दोन मिनिटांत जुनाच पासवर्ड जसाच्या तसा इमेलने हजर! "किती तत्पर लोक आहेत, वहिनी!" वन्सं खूश. मी हबकले. हाच पासवर्ड त्यांनी बँकेलाही ठेवलाय. तो आधी बदलायला लावला. "पण मी कुणालाच सांगितला नव्हता," त्या म्हणाल्या. खरंय. पण २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले, तेव्हा घुसखोरी बँकेच्या सर्व्हरमध्ये झाली होती. तिथे खातेदाराने जपून काय होणार?

मंडळी, चांगल्या सर्व्हरला तुमचा पासवर्ड परत सांगताच येता कामा नये. पुण्यात हेच काम करणाऱ्या भाच्याने मला ते समजावलं, मी ते तांदळावर बसवलं. कर्जत-३ गिरणीतून काढला की पिठाचा पुन्हा दाणा होत नाही. सर्व्हरने पीठच तेवढं ठेवायचं. आपण पुन्हा पासवर्ड दिला की तोही दळायचा आणि दोन्ही पिठं ताडून बघायची. पण दहा जणांनी १२३४५६ ठेवलं तर दहांचं पीठ सारखंच, एक ओळखलं की दहा सापडले. म्हणून प्रत्येकाच्या दाण्यात वेगळं मीठ टाकून दळतात. (खरंच 'सॉल्ट' म्हणतात हो!) शिवाय गिरणी मुद्दाम संथ ठेवतात. आपल्याला क्षणभर उशीर, पण कोट्यवधी अंदाज दळून बघणाऱ्या चोराचं कंबरडं मोडतं.

अडोबीचं २०१३ साली इथेच घोडं अडलं. पासवर्ड दळलेच नव्हते, एकाच किल्लीने कुलूपबंद केले होते. सारखे पासवर्ड कुलपातही सारखेच दिसत, आणि शेजारी लोकांनी स्वतःच लिहिलेल्या आठवणीच्या खुणा उघड्या!

किल्लीचं दुखणं मात्र वेगळं. डेटाबेस उघडायला सर्व्हरला ती लागतेच, तिचं पीठ करून चालत नाही. मग ठेवायची कुठे? दहावीच्या प्रश्नपत्रिका शाळेच्या कपाटात नसत, परीरक्षकाच्या ताब्यात असत, पेपरच्या दिवशी सीलबंद येत. तसंच हे. किल्ली प्रोग्रॅममध्ये लिहून ठेवायची नाही. वेगळ्या तिजोरीत, मोजक्यांच्या हाती, कुणी कधी काढली त्याची नोंद ठेवून. आणि अधूनमधून बदलायची. २०१६ मध्ये उबरच्या प्रोग्रॅमच्या मजकुरातच किल्ली सापडली चोरांना, आणि ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली.

हे वाचणारी आमची निम्मी भाचरं-पुतणी याच धंद्यात आहेत. गणपतीला घरी आलात की पहिला प्रश्न हाच विचारणार आहे, किल्ली कुठे ठेवता रे?