कुरजांचे गाव

राजस्थानात जोधपूरच्या वायव्येस फलोदी हे शहर आहे. त्याच्या शेजारीच, थरच्या वाळवंटात, खीचन नावाचे एक लहानसे गाव वसले आहे. सभोवार वाळू, मधूनमधून काटेरी झाडे आणि वर अफाट आकाश! उन्हाळा तर असा प्रखर, की 19 मे 2016 या दिवशी फलोदीचे तापमान 51 अंश सेल्सिअसपर्यंत चढले होते. अशा ठिकाणी कोण कशाला येईल, असे नवख्याला वाटते. परंतु दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी या गावाकडे हजारो पाहुणे येतात, आणि तेही हिमालय ओलांडून!

हे पाहुणे म्हणजे करकोचे. आपण ज्याला कांड्या करकोचा म्हणतो, त्यालाच तिकडे 'कुरजां' असे गोड नाव आहे. राखी अंग, काळीभोर मान, छातीवर रुळणारी काळी पिसे, लाल डोळे आणि डोळ्यांमागे पांढरा तुरा, असे त्याचे रूप असते. मंगोलिया आणि मध्य आशियातील गवताळ प्रदेश हे त्याचे घर. तेथे थंडी पडू लागली, की तो दक्षिणेची वाट धरतो.

या गावात एक वृद्ध गृहस्थ व त्यांचा बारा वर्षांचा नातू राहत असत. मारवाडात पुष्कळ घरांतून आजोबांना 'दादोसा' म्हणतात. दिवस कलला, की दादोसा नातवाला घेऊन गावाच्या कडेच्या चुग्गाघराकडे निघत. चुग्गाघर म्हणजे पक्ष्यांना दाणे घालण्याचे कुंपण घातलेले आवार. कुत्र्यांचा उपद्रव होऊ नये म्हणून ते कुंपण. तेथे गावातील माणसे ज्वारी पसरून ठेवीत.

वाटेत दादोसा नातवाला वाळवंट वाचावयास शिकवीत. वाळूवरील नाजूक ठशांवरून रात्री खोकड कोणत्या बाजूला गेले, हे ते सांगत. बुजलेले एखादे बीळ दाखवून म्हणत, "आत सांडा झोपला आहे. थंडी संपेपर्यंत तो बाहेर यायचा नाही." खेजडीजवळ ते क्षणभर थांबत. खेजडी म्हणजे आपल्याकडील शमी. तिच्या शेंगांची भाजी होते, पाल्यावर शेळ्या जगतात आणि सावलीत पीकही येते.

पहाटे दोघे घराच्या गच्चीवर जाऊन बसत. थंडी मी म्हणत असे. दादोसांचा एकच नियम होता. "पाहायचे असेल तर आधी गप्प बसायला शीक," असे ते म्हणत. उजाडू लागले, की दूरवरून 'कुर्र, कुर्र' असा नाद कानी येई. मग क्षितिजावर एक रेघ उमटे, तिच्यामागून दुसरी, तिसरी, आणि पाहता पाहता आकाश भरून जाई. पक्षी प्रथम बाहेरच्या वाळूवर उतरत, कानोसा घेत आणि मग तुकडीतुकडीने दाण्यांवर येत. पोटे भरली, की तळ्याकडे पाणी पिण्यास जात.

"दादोसा, हे पूर्वीपासून इतके येतात?" नातवाने एकदा विचारले.

"छे! 1970 नंतरच्या काळात गावातल्या काही जैन मंडळींनी नेमाने दाणे घालायला सुरुवात केली, तेव्हा थोडेच यायचे. आता त्यांची संख्या वीस हजारांच्या घरात गेली आहे," दादोसांनी सांगितले.

एके दिवशी सकाळी दाट धुके पडले होते. धुके निवळल्यावर विजेच्या तारांखाली दोन कुरजां पडलेल्या दिसल्या. एक गतप्राण झाली होती. दुसरीचा पंख मोडून लोंबत होता. मुलगा धावत पुढे गेला, परंतु दादोसांनी त्याला थांबविले. त्यांनी पक्ष्याच्या डोक्यावर हळुवारपणे फडके टाकले. डोळ्यांपुढे अंधार होताच त्याची धडपड थांबली. मग त्यांनी वनखात्याला निरोप धाडला आणि गावातील पक्षिप्रेमी माणसांच्या मदतीने त्याला कुंपणाच्या वाड्यात नेले.

मुलगा संतापला. "तारा कशाला लावल्या मग?"

"तारांमुळेच तुझ्या घरात दिवा जळतो, बाळा, आणि शेताला पाणी मिळते," दादोसा शांतपणे म्हणाले. "पण पाहुण्याला जेवायला बोलवायचे आणि त्याच्या वाटेवर फास ठेवायचा, हे काही शहाणपण नव्हे. दाणे टाकले म्हणजे आपले काम संपले, असे समजू नकोस."

दादोसांनी गावातील चार माणसे जमविली. पक्ष्यांच्या वाटेवरील तारा जमिनीखालून न्याव्यात, असा अर्ज लिहिला गेला. कोणत्या दिवशी, कोठे, किती पक्षी पडले, याची नोंद ठेवण्याचे काम मुलाकडे आले. त्याची वही भरू लागली. ते आकडे लिहिताना त्याचा हात जड होई, परंतु एकही दिवस त्याने चुकविला नाही.

मार्च उजाडला. थव्यांनी उंच घिरट्या घातल्या आणि उत्तरेची वाट धरली. वाड्यातील कुरजां मान उंचावून पाहत राहिली. तिचा पंख सांधला होता, परंतु त्यात उडण्याचे बळ नव्हते. आकाश रिकामे झाले, तरी ती पाहतच होती. त्या दिवशी मुलगा जेवला नाही.

उन्हाळा कठीण गेला. मुलगा रोज तिच्या छपरावर ओले गोणपाट टाकी आणि कुंडीत पाणी भरी. पुढे पाऊस येऊन गेला. सप्टेंबरातील एका सकाळी तो पाणी भरीत असता कुरजां एकाएकी ताठ उभी राहिली. त्याला काहीच ऐकू येत नव्हते. तिने मान वर केली आणि मोठ्याने साद घातली. थोड्या वेळाने फार उंचावरून उत्तर आले.

मुलाने भांडे खाली ठेवले आणि तो दादोसांना हाक मारीत घराकडे धावला. त्या दिवशी संध्याकाळी ज्वारीचे पोते चुग्गाघराकडे निघाले, तेव्हा वहीही त्याच्या काखेत होती.