ज्या इंटरनेटला दार होतं

रोबॉट ॲनिमे म्हटलं की लोक ‘गंडम’चं नाव घेतात, ‘इव्हँगेलिऑन’चं घेतात. थोडे जुने दर्दी १९७२च्या ‘माझिंगर झेड’पर्यंत मागे जातात. ‘वेबडायव्हर’ मात्र कुणालाच आठवत नाही. एप्रिल २००१ ते मार्च २००२ असं वर्षभर ते टीव्ही टोकियोवर लागायचं. जपानमधल्या शाळकरी पोरांनी ते पाहिलं, आईबापांकडे हट्ट करून त्यातली खेळणी घेतली आणि पुढे ती पोरं मोठी झाली. मी ते खूप उशिरा, तुकड्यातुकड्यांनी, जपानी भाषेचा गंध नसताना पाहिलं. तरी ते डोक्यातून जात नाही.

गोष्ट सन २१००ची. जगभरातली प्राथमिक शाळेतली मुलं ‘मॅजिकल गेट’ नावाच्या आभासी जगात खेळायला जातात. मोठ्यांनी ते खास मुलांसाठी बांधलंय आणि ते पूर्ण सुरक्षित असल्याची सगळ्यांना खात्री आहे. मुलांची राखण करायला तिथे ‘वेबनाइट’ नावाचे प्रोग्रॅम आहेत, म्हणजेच अवाढव्य रोबॉट. एक दिवस डेलेट्रोस नावाचा दुष्ट प्रोग्रॅम आत घुसतो आणि बहुतेक वेबनाइट त्याच्या ताब्यात जातात. आत मुलं अडकतात. केंटो नावाचा चौथीतला पोरगा मित्रांना सोडवायला आत शिरतो. तिथे त्याला ग्लॅडिऑन भेटतो, अजून फितूर न झालेला वेबनाइट. ग्लॅडिऑन वाफेच्या इंजिनाचं रूप घेतो. सन २१००मधलं आभासी जग, आणि त्यात झुकझुक गाडी! केंटो त्याच्याशी एकरूप होतो आणि दोघं मिळून लढतात.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर हे दिसायला काही भारी नाही. माणसं हाताने काढलेली आणि रोबॉट सुरुवातीच्या काळातल्या थ्रीडी ग्राफिक्सचे. दोन्ही एका फ्रेममध्ये आले की साडीवर स्पोर्ट्स शूज घातल्यासारखं वाटतं. माझ्या आठ वर्षांच्या भाच्याला मी एक भाग दाखवला, तेव्हा त्याने पहिलं हेच विचारलं, “मामा, हा रोबॉट प्लास्टिकचा का दिसतो?”

कारण तो प्लास्टिकचाच होता. ही मालिका टाकारा कंपनीच्या खेळण्यांसाठी होती. आपल्याकडे मधल्या सुट्टीत बेंचवर फिरवले जाणारे बेब्लेड मुळात याच टाकाराचे. सनराइज स्टुडिओसोबत या कंपनीने १९९० ते १९९८ अशी लागोपाठ आठ वर्षं ‘ब्रेव्ह’ नावाखाली रोबॉटच्या मालिका चालवल्या होत्या. ‘वेबडायव्हर’च्या वेळी तिने एक नवी शक्कल लढवली. ग्लॅडिऑनचं मोठं खेळणं वायरने टीव्हीला जोडता यायचं आणि पडद्यावर गेम खेळता यायचा. म्हणजे हातातलाच रोबॉट पडद्याच्या आत जायचा. मालिकेतल्या केंटोसारखंच! जाहिरात म्हणून याला नाक मुरडता येतं, पण तेव्हाच्या एखाद्या पोराला ते खेळणं हातात धरून काय वाटलं असेल, याचा विचार केला की मी गप्प होतो.

आत जाणं ही कल्पना त्या काळात सगळीकडेच होती. १९९३च्या ‘ग्रिडमन’मध्ये एक मुलगा कॉम्प्युटरच्या जगात शिरून राक्षसांशी लढायचा. २०१८ साली ट्रिगर स्टुडिओने त्यावर नवं ॲनिमे काढलं आणि ‘ग्रिडमन’ला दुसरा जन्म मिळाला. १९९९ला ‘डिजिमॉन’ आलं, त्याच वर्षी ‘मेट्रिक्स’ही. ‘वेबडायव्हर’ला असं नशीब लाभलं नाही.

२००१मध्ये मी सातवीत होतो. आमच्या गावात एकच सायबर कॅफे होता. चपला बाहेर काढायच्या, वहीत नाव आणि वेळ लिहायची, तासाचे पैसे मोजायचे. मोडेम आधी किंचाळायचा आणि मग नेट लागायचं. तास संपला की काका आतून हाक मारायचे, “चल रे, उठ.” त्या अर्थाने आमच्या इंटरनेटलाही गेट होतं. आत जावं लागायचं आणि बाहेर यावं लागायचं. जपानी लेखकांनी शंभर वर्षांपुढची कल्पना केली, पण त्यांचं इंटरनेट होतं आमच्यासारखंच, उंबरठा असलेलं.

भाच्याला त्यातलं हेच कळेना. “इंटरनेटमध्ये जातात म्हणजे कुठे जातात?” मी समजावू लागलो, तर म्हणाला, “पण ते तर इथेच असतं ना?” आणि त्याने माझ्याच फोनवर बोट ठेवलं. त्याचं बरोबर होतं. त्याच्यासाठी ते जेवणाच्या ताटाशेजारी असतं, उशीखाली असतं. त्याला तिथे कधी जावंच लागलं नाही, मग परत कुठून येणार?

‘वेबडायव्हर’मधली एक गोष्ट मात्र आजच्या मुलांना लागू पडते आणि तीच मला सगळ्यात जास्त टोचते. त्यात मुलांना धोका बाहेरच्या गुंडांकडून नाही, ज्यांना राखणीला ठेवलं त्यांच्याकडूनच आहे. भाचा काय बघतो ते ठरवणाराही एक प्रोग्रॅमच. तो मुलांसाठी आहे, त्यात वाईट काही दिसणार नाही, असं आपल्याला सांगितलेलं असतं. तो भाच्याला शिवी ऐकवत नाही, रक्त दाखवत नाही. फक्त पुढचा व्हिडिओ लावतो. मग त्याच्या पुढचा. ताई फोन हिसकावून कपाटात ठेवते, भाचा रडतो, ताई चिडते, आणि दुसऱ्या दिवशी ऑनलाइन होमवर्कसाठी तिलाच कपाट उघडावं लागतं.

मला मालिकेचं मोठेपण इथे वाटतं. केंटो ‘मॅजिकल गेट’ बंद करा म्हणत नाही. ते जग मुलांचं आहे आणि मुलांना ते हवंय, हे त्याला ठाऊक आहे. तो एकेका वेबनाइटशी लढतो, पण त्याला संपवण्यासाठी नाही, डेलेट्रोसच्या तावडीतून सोडवण्यासाठी. सुटलेला वेबनाइट मग त्याच्या बाजूने उभा राहतो. खेळणी विकायला काढलेल्या मालिकेने मुलांना सांगितलं की राखणदार बिघडला तर त्याला दुरुस्त करायचं असतं, आणि ते तुम्हालाही जमेल.

फोन कपाटात ठेवणं आपल्याला जमतं. राखणदार दुरुस्त करणं हे कुणाचं काम, हे अजून ठरायचंय. चौथीतल्या पोरावर ते सोपवणं कार्टूनमध्ये ठीक आहे.

भाच्याने तो भाग शेवटपर्यंत पाहिला. भाषा कळत नसतानाही. संपल्यावर त्याचा एकच प्रश्न होता: ग्लॅडिऑन खेळण्यांच्या दुकानात मिळतो का?