कमी झालं ते गेलं कुठे

कुंभार्ली घाट चढून पाटण, मल्हारपेठ करत गाड्या उंब्रजला महामार्गाला लागतात. मे महिन्यात त्यातली एखादी माझ्या दारात थांबली, की बोनेट उघडायच्या आधीच कूलंटचा गोडसर वास येतो. गिऱ्हाईक घाईत असतं. "मिस्त्री, वाईच पाणी टाका, पुणं गाठायचंय."

पाणी टाकायला वेळ लागत नाही. पण पेट्रोल जळतं म्हणून संपतं; कूलंट बंद नळ्यांतून फिरत असतं, ते संपायचं कारण नाही. बाटलीतली पातळी खालच्या रेघेखाली गेली असेल, तर ते कुठूनतरी गेलंय. ती वाट शोधणं हे माझं काम, ओतणं नंतरचं.

इंजिन गरम असताना कूलंटच्या झाकणाला मी हात लावू देत नाही. आतला कारभार कुकरसारखा दाबावर चालतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो त्या दाबाचा. हा दाब आणि निम्मं ग्लायकॉल यांच्या जोरावर आतलं मिश्रण १२५ अंशांनाही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि सगळं उसळून तोंडावर येतं. म्हणून माणसांना चहाला पाठवायचं आणि तोवर बॅटरी घेऊन शोधायला लागायचं.

गळलेलं कूलंट सुकलं की मागे पापडी ठेवतं. होजच्या क्लिपखाली, रेडिएटरच्या सांध्यावर ती दिसते. वॉटर पंपाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गेलं की तिथून ठिबकतं आणि आपल्याला आधीच कळतं. बाहेर काहीच दिसलं नाही, तर काळजी वाढते. मग गाडीतला हीटर गळतोय का म्हणून डावीकडच्या पायपुसण्याखाली हात घालून ओल बघतो, इंजिन ऑईलची काडी काढून बघतो. ऑईल दुधाळ झालं असेल तर ती गाडी पुढे जाऊ देत नाही.

आता ओतायचं काय? आमच्याकडच्या बोअरचं पाणी जड. अडीनडीला ते चालतं, पण क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतात. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी मिळतं, तेच वापरावं. आणि कूलंटच्या रंगावर जाऊ नये, गाडीचं पुस्तक बघावं.

गिअर ऑईलचंही तेच. साध्या गिअरबॉक्सला बहुधा काडी नसते. गाडी सपाट उभी करून बाजूचा प्लग उघडायचा. ऑईल भोकाच्या काठाला बोटाला लागलं पाहिजे. बदलायचं असेल तर भरायचा प्लग आधी सोडवावा. तो अडकून बसला आणि खालून ऑईल सांडून गेलं, तर गाडी तिथंच अडकते. पातळी कमी निघाली, तर ॲक्सलच्या सीलकडे बघायचं. ऑटोमॅटिकला काडी असेल तर बहुतेक गाड्यांत पातळी गरम आणि चालू इंजिनवर बघतात. ऑटोमॅटिकचं लाल ऑईल गुलाबी दुधासारखं दिसलं, तर रेडिएटरमधला कूलर फुटून दोन्ही एकमेकांत मिसळलंय. तिथं भर घालणं म्हणजे गिअरबॉक्स मारणं.

काढलेलं कूलंट मी कॅनमध्येच धरतो. ते गोड लागतं आणि विषारी असतं. गळीत हंगामात उसाच्या गाड्यांचे बैल इथंच सावलीला सोडतात, कुत्री तर कायमच असतात.

गळती बंद झाली, की बाटलीवर आजच्या पातळीची रेघ मार्करनं ओढतो. "दादा, पुण्यात सकाळी गाडी चालू करायच्या आधी बघा. रेघेखाली असेल तर आधी फोन करा."