तांड्यात सगळेच गायचे

मुखेड-कंधारचा माळ आणि जळकोट-अहमदपूरचा डोंगरपट्टा यांच्यामध्ये नांदेड-लातूर जिल्ह्यांची हद्द आहे, ती कागदावर. आमच्या लमाण-बंजारा तांड्यांच्या सोयरिकींनी ती कधी मानली नाही, आमच्या गोरबोलीने तर नाहीच. लदेणीच्या काळात लमाण बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूखभर हिंडले. रेल्वे आली, पक्के रस्ते झाले आणि तो धंदा बसला. तांडे बालाघाटाच्या कुशीत स्थिरावले. गाणी मात्र हिंडत राहिली.

तेव्हा गाणं ऐकायला कुणी बसत नसे, कारण गायला सगळेच उभे असत. होळी जवळ आली की रात्री डफ वाजायचा. एका बाजूला बाप्ये, दुसऱ्या बाजूला बाया, आणि मधे लेंगी, म्हणजे होळीचं गाणं. टोमण्याला टोमणा, सवालाला जवाब. वर्षभर ज्याच्यापुढे मान खाली असायची, त्या तांडाप्रमुख नाईकाचीही त्या रात्री सुटका नसे. कुणाचा चिक्कूपणा, कुणाची उधारी, कुणाचा रुसवा, सगळं चालीत बसवून चव्हाट्यावर यायचं आणि सकाळपर्यंत निवळायचं. गावची होळी संध्याकाळी पेटते, आमची पहाटे. वर्षात जन्मलेल्या पोराचा ढुंड हा संस्कारही याच सणात. त्याच्या नावाने लेंगी झाली की पोर तांड्याचं झालं.

आजही होळीला तांडा भरतो. ऊसतोडीच्या टोळ्या साखरपट्ट्यातून परततात, पुण्या-मुंबईची आणि हैदराबादची मंडळी येतात. लेंगी वाजतेही, पण डीजेवर. स्टुडिओत रेकॉर्ड झालेली, झकास ठेक्याची. पोरं मनापासून नाचतात. फक्त त्या गाण्यात आपल्या तांड्यातल्या कुणाचं नाव नसतं, त्यामुळे त्यावरून कुणी चिडत नाही आणि कुणाचं भांडण मिटतही नाही.

लग्नाचंही तेच. पूर्वी वऱ्हाड दिवसचे दिवस मुक्कामाला असे. नवलेरी, म्हणजे नवरी, याडीच्या म्हणजे आईच्या, काकीच्या, मैत्रिणीच्या गळ्यात पडून ढावलो गायची. तिचं रडणंच सुरात असे. चाल आईकडून आलेली, शब्द तिचे स्वतःचे, आणि प्रत्येक गळ्यासाठी वेगळे. निघताना बैलावर उभी राहून ती हवेली हे गाणं म्हणायची, तांड्याचं भलं चिंतायची. आता मंगल कार्यालयात दुपारचा मुहूर्त, जेवणाची पंगत, चार वाजता हॉल रिकामा. एखाद्या आजीला माईक देऊन ढावलो म्हणायला लावतात, तेव्हा तिला सुचत नाही. समोर सगळे मोबाइल धरून उभे. गळ्यात पडायला कुणी नसतं.

तरीही मला ते दिवस जसेच्या तसे परत नको आहेत. ढावलोत एवढं दुःख का होतं, हे विसरून कसं चालेल? कोवळ्या वयाची पोर अशा तांड्यात जायची, जिथून माहेर पुन्हा कधी दिसेल याचा भरवसा नसे. आजची नवरी सासरी पोहोचायच्या आत आईला व्हिडिओ कॉल करते. तिने रडावं म्हणून आपण हळहळायचं हे काही बरं नाही. आरशांची, घुंगरांची फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळीही, तशीच. १५ फेब्रुवारीला आमचे संत सेवालाल यांच्या जयंतीच्या मिरवणुकीत ती शोभते. पण तेवढं ओझं अंगावर घेऊन ऊस तोडून बघा म्हणावं.

माझी हळहळ बोलीसाठी आहे. २०११च्या जनगणनेत लमाणी-लंबाडी आपली भाषा म्हणून सांगणारे बत्तीस लाखांहून जास्त होते आणि ते सगळे हिंदीच्या खात्यात मोजले गेले. गोरबोलीला स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगूत, कर्नाटकात कन्नडमध्ये. आजी गोरबोलीत विचारते, नातू मराठीत उत्तर देतो आणि आश्रमशाळेत शिकलेले आई-बाप दोघांमध्ये दुभाषे होतात. याडीची मम्मी कधी झाली, कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

आमचा मान वाढला, हे खरं. वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला ऑक्टोबर २०२४ मध्ये बंजारा विरासत संग्रहालय सुरू झालं, तेही नगाऱ्याच्या आकाराच्या इमारतीत. त्याच वर्षी आमच्या शेजारच्या निजामाबादकडच्या रमेश कार्तिक नायक या तरुण लेखकाला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. त्याच्या तेलुगू कथासंग्रहाचं नाव ‘ढावलो’. नवरीने गायचं सोडलं, ते लेखकाने उचललं. मला हे फार आवडलं.

पण संग्रहालय जुनं सांभाळतं, टोमणा नवा लागतो. लेंगी टिकवायची तर जुन्या लेंग्या पाठ करून घेण्याने भागणार नाही. ऊसतोडीच्या मुकादमावर, सरपंचावर, मोबाइलमध्ये डोकं खुपसलेल्या जावयावर यंदाच्या होळीला कुणीतरी गोरबोलीत नवी लेंगी रचली पाहिजे. अशी की ज्याच्यावर रचली तो चिडेल आणि उत्तर द्यायला उभा राहील. त्या उत्तरापुरती तरी त्याला बोली शिकावी लागेल.